पाणबोक्याला हरवायचं कसं

डायलिसिसच्या खोलीत माणसाकडे एकच हात उरतो. दुसऱ्यात दोन सुया, सुयांना नळ्या, नळ्यांना मशीन. तो हात उशीवर ठेवायचा आणि चार तास विसरून जायचा. विसरला नाही की खाजतो. उरलेल्या हाताने काय जमतं आणि काय नाही, याचा शोध प्रत्येकाला पहिल्या महिन्यात लागतो. पेपरचं पान धड उलटत नाही. संत्रं सोलता येत नाही, आणि सोललं तरी सिस्टर खाऊ देत नाहीत. नाक मात्र छान खाजवता येतं. आणि मोबाइलवर 'झुंजार' खेळता येतो.

झुंजार म्हणजे जनावरांच्या कुस्त्या. दोघांकडे तीन-तीन जनावरं, एकेक समोर येतं; हवं तर मारण्याऐवजी त्या फेरीत ते बदलताही येतं. प्रत्येक फेरीत दोघांनी आपापला डाव गुपचूप निवडायचा, बटण दाबायचं, मग दोन्ही डाव एकदम उघडे पडतात. कोणी आगीचं, कोणी पाण्याचं, कोणी रानाचं, कोणी विजेचं, कोणी मातीचं, कोणी वाऱ्याचं. पाणी आगीला भारी, आग रानाला भारी, रान पाण्याला भारी. एवढं कळलं की निम्मा खेळ आला. उरलेला निम्मा म्हणजे समोरचा माणूस. धावपळ नाही, एका अंगठ्याचं काम. खेळ काढणाऱ्यांनी तो तरण्याताठ्या पोरांसाठी काढला असेल. रमले होते ते मात्र खिडकीजवळच्या तीन खुर्च्यांवरचे तिघे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा.

पहिल्या खुर्चीवर बाई. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. हा खेळ त्यांच्या मोबाइलमध्ये सुनेने टाकून दिला होता. सासूबाईंचे चार तास बरे जावेत म्हणून, आणि त्या चार तासांत आपल्याला सात वेळा फोन येऊ नये म्हणूनही. मधल्या खुर्चीवर ड्रायव्हर, चाळिशीचा, शाळेच्या व्हॅनवर. तिसरीवर शिंपीकाका, जे बहुतेक वेळ डोळे मिटून असत आणि डोळे मिटून सगळं ऐकत असत.

बाईंची एक वही होती. प्रत्येक जनावराला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर ताकद, उजव्यावर उणीव. बाई माणसांकडेही असंच बघत, फक्त ते लिहून ठेवत नसत. शिंपीकाका: ताकद, पोटात गोष्ट राहते, उणीव, पोटात गोष्ट राहते, बाहेर काढायची असेल तेव्हाही. ड्रायव्हर: ताकद, कष्टाला वाघ, उणीव, मान. मान म्हणजे इतका की पाठीत उसण भरली तरी 'जरा हात द्या' म्हणणार नाही.

आणि पाणबोका. वहीतली सगळ्यात भरलेली पानं त्याची.

पाणबोका हे बाईंचं लाडकं जनावर. गोल, ओलं, मिशा खाली लोंबलेल्या, डोळे अर्धे मिटलेले. रांगोळीवर कोणीतरी पाणी सांडावं तसा तो पडद्यावर पसरायचा. डावं पान असं: दम अफाट, कुठल्याही दुसऱ्या जनावराच्या दीडपट. आगीचा मार निम्माच लागतो. अंगच्या ओलाव्याने दर फेरीला थोडा दम आपोआप भरतो. शिवाय 'मुरणं' हा डाव: एक फेरी काही करायचं नाही, नुसतं बसायचं, की निम्मा दम परत. हल्ल्याला 'लाट', आणि कोणी रानाचं जनावर घेऊन आला तर त्याच्यासाठी 'गारा'. उजवं पान: मंद. इतका मंद की समोरच्याचा फटका बसून गेल्यावर याचा हात उठतो. वीज आणि रान यांचा मार दुप्पट. आणि स्वतःचा फटका बेताचा. जिंकतो तो मारून नाही, समोरच्याला कंटाळा आणून.

"आपल्याला दिवसाला एक लिटर पाणी, तेही मोजून," शिंपीकाका म्हणत, "आणि बाईंचं जनावर बघा, हौदात डुंबतंय."

"तेवढीच माझी हौस," बाई म्हणत.

ड्रायव्हरकडे तिन्ही जनावरं आगीची. वणवाघोडा, अंगारकोंबडा आणि निखारा नावाचा एक विंचू. का, तर गाडी पळाली पाहिजे. वर्षभरात तो बाईंशी साठेक वेळा खेळला होता आणि एक खेप सोडली तर दर वेळी पाणबोक्यासमोर त्याच्या तिन्ही आगी विझल्या होत्या.

"या बोक्याला आडवं होणं माहीतच नाही का हो, बाई?"

या तीन खुर्च्यांच्या ओळीत 'मेलं' म्हणत नसत. जनावर आडवं होतं, नाहीतर संपतं.

"रानाचं एखादं जनावर घ्या, मग बघा."

"पालापाचोळा घेऊन लढू? मी?"

बाई पुढे काही बोलत नसत. कारण या तीन खुर्च्यांचा एक नियम होता, आणि तो बाईंनीच केला होता: इथे कोणी कोणाची कीव करायची नाही. ती बाहेर हवी तेवढी मिळते. लिफ्टमध्ये मिळते, लग्नात मिळते, वाण्याच्या दुकानात रांगेत मिळते. इथे जो हरला तो हरला. खिडकीची खुर्ची कोणाची, टीव्हीवर काय लावायचं, पंखा दोनवर की तीनवर, सगळे तंटे झुंजारवर सुटत. नियम करायची वेळ का आली, तर ड्रायव्हर नवीन होता तेव्हा बाई मुद्दाम हरल्या होत्या आणि खिडकीची खुर्ची त्याला दिली होती. त्याला दोन दिवसांत कळलं. पठ्ठ्या महिनाभर त्या खुर्चीत बसला, पण पडदा ओढून.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका शनिवारी सिस्टर हातात कागद घेऊन ओळीसमोर उभ्या राहिल्या.

"तुमच्यापैकी एकाला दुपारच्या शिफ्टला जावं लागेल. एक नवीन पेशंट आहे, तान्हं मूल आहे तिचं. ते सांभाळायला घरात माणूस असतं ते सकाळीच. काकांना डॉक्टर दुपारी पाठवणार नाहीत, दुपारी त्यांचं बीपी कोसळतं. म्हणजे तुम्ही दोघं. गुरुवारपर्यंत सांगा."

"सांगायचं काय त्यात," ड्रायव्हर म्हणाला. "खेळून ठरवू. हरला तो दुपारी. काय बाई?"

"खेळून ठरवू," बाई म्हणाल्या.

हिशेब उघड होता. ड्रायव्हर सकाळी इथून सुटला की बारा वाजता व्हॅनवर. दुपारची शाळा, मग संध्याकाळची मुलं घरोघर सोडणं. तो दुपारी या खुर्चीत अडकला तर व्हॅन उभी राहणार नाही. शाळा दुसरा ड्रायव्हर बघणार, आणि एकदा बघितला की बघितला. आजारी माणसाला नवीन काम कोण देतं? बाईंचं काय जाणार होतं? दुपारची झोप. आणि ही ओळ. ही ओळ जाणं म्हणजे थोडं नव्हे. दुपारच्या शिफ्टचे लोक बाईंनी येता-जाता पाहिले होते, कानात इअरफोनची बोंडं घालून भिंतीकडे तोंड करून पडलेले. घरूनही झुंजार खेळता आला असता म्हणा, पण घरी दोन्ही हात मोकळे असतात आणि दोन हातांच्या माणसाला घरात कोणी बसू देत नाही. तरीसुद्धा. झोप आणि गप्पा एकीकडे, माणसाचं काम दुसरीकडे. यात आकडेमोड करण्यासारखं काही नव्हतं.

बाईंनी स्वतःहून 'मी जाते' म्हटलं असतं तर ड्रायव्हरने त्याच पावली जाऊन स्वतःचं नाव दुपारी घातलं असतं. म्हणजे हरायलाच हवं होतं. आणि हरायचं कोणाशी, तर तीन आगी घेऊन येणाऱ्याशी. पाणबोका घेऊन आगीशी हरणं म्हणजे नदीने काडीपेटीला घाबरण्यासारखं. ड्रायव्हर काय, खोली पुसणाऱ्या मावशीही हसल्या असत्या. पाणबोका बाजूला ठेवून दुसरं जनावर घ्यावं, तर पहिल्याच मिनिटाला पकडल्या गेल्या असत्या.

शनिवारी सुया निघाल्यावर तिघं वजनकाट्यापाशी उभे होते. ड्रायव्हर पुढे गेला तशी बाईंनी शिंपीकाकांची बाही धरली.

"तुम्ही त्याला पाणबोक्याचं उजवं पान शिकवा."

"मी? मला खेळता येत नाही."

"तुम्हाला ऐकता येतं. वर्षभर ऐकताय. हे बघा, बोक्याला तोडायचं तर रानाचं जनावर हवं, काटेसांबर घ्यायला सांगा. ते चपळ असतं. त्याचा 'मूळ धरणं' म्हणून डाव आहे: एक फेरी नुसतं उभं राहतं, की पुढचा फटका तिप्पट. पूर्ण दमाचा बोकासुद्धा जागेवर आडवा. पण मूळ धरताना त्याच्यावर गारा पडल्या तर ते खचतं, म्हणून बोका मुरायला बसला असेल नेमकी तीच फेरी साधायची. आणि एक विजेची पाल घ्यायला सांगा. आगीतला फक्त घोडा ठेवायचा."

"हे मी माझ्या मनाने बोललो असं त्याला वाटेल?"

"नातवाकडून ऐकलं म्हणा."

"मला नात आहे."

"मग नातीकडून. काका, तुमचं सगळं आयुष्य मापं लक्षात ठेवण्यात गेलं, एवढं लक्षात राहणार नाही?"

"राहील हो," काका म्हणाले. "पण तुम्हाला इतकी घाई का हरायची, ते विचारत नाही."

"नका विचारू."

मंगळवारी बाईंनी डोळे मिटले आणि कान उघडे ठेवले. शेजारी कुजबुज चालली होती. काका शिकवत होते ते अगदी मापं घेतल्यासारखं: "सांबर इथून इथपर्यंत... मग मूळ... नाही, नाही, गारा पडतील, थांब." ड्रायव्हर मधेच 'हां' म्हणत होता. एकदा तो म्हणाला, "तुमची नात भलतीच हुशार दिसते, काका." काका म्हणाले, "आजीवर गेलीय." बाईंना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं.

गुरुवार उजाडला. सुया लागल्या, मशीनं सुरू झाली. मोबाइल स्टँडवर अडकवले गेले. काका पंच. सिस्टर मधूनच डोकावून जात होत्या, कारण कागद भरायचा होता.

बाईंनी नेहमीची तीन जनावरं लावली: वाऱ्याची घार, मातीचा भुंगा, पाणबोका. ड्रायव्हरचं पहिलं जनावर पडद्यावर आलं: विजेची पाल. बाईंच्या मनात समाधानाचा सुस्कारा आला. आता करायचं ते सोपं. पाणबोका पुढे करायचा, विजेचे दोन झटके खायचे, बोका संपला की बाकीचं कसंही उरकायचं.

त्यांनी पाणबोका पुढे केला. पालीने झटका दिला. बोक्याचा दम निम्म्याच्या खाली. बाईंनी 'लाट' निवडली. ड्रायव्हरचा अंगठा हवेतच थांबला.

"बाई."

"काय?"

"तुमच्याकडे भुंगा आहे. मातीचा. त्याला वीज लागत नाही."

"असू दे की."

"असू दे कसं? ऑनलाइन परक्यांशी खेळताना विजेचं जनावर दिसलं रे दिसलं की तुम्ही भुंगा काढता. आज बोका ठेवलात?" त्याने मोबाइल उलटा करून पोटावर ठेवला. "पास करताय मला? वरच्या वर्गात ढकलताय?"

"चूक झाली हो. वय झालं."

"वय झालं!" तो काकांकडे वळला, पण हात न हलवता, नुसत्या मानेने. "काका, ऐकलं? शनिवारी माझ्या पाच चुकांची यादी वाचून दाखवणाऱ्या बाई. सिस्टर! ओ सिस्टर! लिहा, दुपारी मी जातो."

"थांबा, थांबा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला तसा वर्गातल्यासारखा झाला. "सिस्टर, काही लिहू नका. हा डाव रद्द. पंच, रद्द ना?"

"रद्द," काका डोळे न उघडता म्हणाले.

"पुन्हा पहिल्यापासून खेळू. आणि तुम्ही," बाई ड्रायव्हरला म्हणाल्या, "मी मुद्दाम एक जरी डाव सोडला असं वाटलं, तर खुशाल जा दुपारी."

"वाटलं तर जाणार. आधीच सांगतो."

आता बाईंची खरी पंचाईत झाली. नीट खेळल्या तर जिंकणार, आणि व्हॅन जाणार. वाईट खेळल्या तर तो ओळखणार, आणि व्हॅन जाणार. एकच वाट उरली होती: मनापासून खेळायचं आणि मनापासून हरायचं. बत्तीस वर्षांत त्यांनी पोरांना बऱ्याच अवघड गोष्टी करायला लावल्या होत्या. ही मात्र कोणाला सांगितली नव्हती.

दुसरा डाव सुरू झाला. बाईंनी घार पुढे केली, ड्रायव्हरने पाल. भुंगा काढायच्या आतच पालीच्या पहिल्या झटक्यात घार संपली. बाईंनी भुंगा आणला, विजेचं काही चालेना, भुंग्याने पालीला मातीत गाडलं. ड्रायव्हरने काटेसांबर काढलं. शिंगं काट्यांची, पाय सुकलेल्या वेलींचे. रानाला माती म्हणजे जेवण. भुंगा एका फटक्यात आडवा.

"वा," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"काकांची नात," ड्रायव्हर म्हणाला.

आता बाईंकडे एकटा पाणबोका. ड्रायव्हरकडे काटेसांबर आणि मागे घोडा. पहिल्या फेरीत सांबराने मारलं, बोक्याने सोसलं आणि गारा सोडल्या. सांबराचा दम निम्मा झाला. आणखी एकदा गारा बसल्या की ते संपलं. मग उरला घोडा, आणि घोड्याचं बोक्यासमोर काय होतं ते साठ वेळा सगळ्यांनी बघितलं होतं.

इथे कधीतरी बाई व्हॅन विसरल्या.

ते कसं झालं, त्यांना नंतरही सांगता आलं नाही. वर्षभर मधल्या खुर्चीतून फक्त आग येत होती. आज पहिल्यांदा समोर माणूस बसला होता. डोक्यात चक्रं फिरायला लागली. गारा सोडाव्यात, तर सांबर समोर असेल तर संपेल. पण त्याने त्याच फेरीला सांबर मागे घेऊन घोडा पुढे केला, तर गारा आगीत विरघळणार, फेरी फुकट. मुरावं, तर दम परत येईल. पण नेमकं तेव्हाच सांबराने मूळ धरलं, तर पुढचा तिप्पट फटका, खेळ खलास. म्हणजे प्रश्न एकच: त्याला काय वाटतं, आपण काय करणार?

बाईंनी चेहरा दगडासारखा केला. बत्तीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये हाच चेहरा वापरलेला. पोरांना बाईंच्या तोंडावरून उत्तर बरोबर की चूक हे कधी कळलं नव्हतं. त्यांनी गारा निवडल्या. बटण दाबलं.

पडदा उघडला. ड्रायव्हरने सांबर मागे घेतलं होतं. घोडा पुढे. गारांची वाफ झाली.

"अंदाज," ड्रायव्हर म्हणाला.

बाईंनी लाट सोडायचं ठरवलं, घोड्याला धुऊन काढायला. ड्रायव्हरने सांबर परत आणलं. लाट सांबराला जेमतेम भिजवून गेली.

"पुन्हा अंदाज?"

"पुन्हा."

आता मात्र बाई चिडल्या. त्यांनी पुढची फेरी उलटी खेळायची ठरवली, लागोपाठ दुसरी लाट, जी सांबरासमोर कोणी शहाणा सोडणार नाही. तो पुन्हा गारांना घाबरून घोडा काढेल, आणि घोड्यावर लाट पडेल. ड्रायव्हरने घोडा काढला नाही. सांबराने जागेवर राहून सरळ फटका मारला. बोक्याचा दम निम्म्यावर आला. तरी त्याचा ओलावा होता, थोडं थोडं भरत होतं. बाईंनी शांतपणे श्वास घेतला. आता मुरायचं. सगळा दम परत आणायचा, मग बघू. तो नक्की मारणार; मारू दे, मी मुरणार, तो मारणार, मी मुरणार, अकरा वाजेपर्यंत. कंटाळा आणायचा. हेच तर बोक्याचं बळ.

त्यांनी 'मुरणं' दाबलं.

काटेसांबराने मारलं नाही. ते उभं राहिलं, खूर जमिनीत गेले, वेली मातीत उतरल्या. मूळ धरलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

पुढच्या फेरीत काय होणार ते तिघांनाही ठाऊक होतं. सांबर चपळ, बोका मंद. काट्यांची शिंगं आली आणि भरल्या दमाचा, पाण्याने टम्म फुगलेला पाणबोका सावकाश, नेहमीप्रमाणे कोणतीही घाई न करता, आडवा झाला.

बाईंनी मोकळ्या हाताच्या बोटांवर फेऱ्या मोजल्या.

"चार वेळा," बाई म्हणाल्या. "लागोपाठ चार वेळा तुम्हाला माझा डाव कळला. अंदाज एकदा लागतो. फार तर दोनदा. चार वेळा अंदाज म्हणजे उत्तरपत्रिका फुटली आहे."

ड्रायव्हर खुर्चीत थोडा खाली सरकला.

"सांगा."

"तुमचं मशीन," तो म्हणाला.

"माझ्या मशीनचं काय?"

"मशीन तुमच्या मागे असतं, तुम्हाला दिसत नाही. मला दिसतं. डावीकडे खाली एक आकडा आहे. रक्त परत आत जाताना नळीत किती दाब आहे त्याचा. तुमचा एकशे चाळीस असतो. तुम्ही मारायचं ठरवलं की हा सुयांचा हात जरासा आवळता. कळतही नाही तुम्हाला. आकडा एकशे साठ. मुरायचं ठरवलं की हात सैल, एकशे पंचवीस." तो थांबला. "ड्रायव्हर आहे ना, बाई. वीस वर्षं काटे बघतोय. रस्ता बघता बघता काटा दिसतो."

"पण गारा की लाट, ते कसं कळलं? दोन्ही मारच आहेत."

"गारांना एकशे साठ. लाटेला एकशे पन्नास. गारांवर तुमचा जास्त जीव आहे."

काकांच्या खुर्चीतून फुसफुस आवाज आला. ते हसत होते.

"ही कॉपी आहे!" बाई म्हणाल्या. "सरळ सरळ कॉपी!"

"कॉपी कसली? कोणाच्या वहीत बघितलं मी?"

"माझ्या रक्तात बघितलंत!"

"पंच," ड्रायव्हर म्हणाला, "बोला."

शिंपीकाकांनी डोळे उघडले. दोघांकडे बघितलं, मग बाईंच्या मागच्या मशीनकडे, मग पुन्हा बाईंकडे. त्यांच्या पोटात किती गोष्टी होत्या ते बाईंना माहीत होतं. त्यातली एक आत्ता बाहेर आली तर सगळंच संपलं, हेही.

"आकडा उघड्यावर आहे," काका म्हणाले. "सिस्टरला दिसतो, डॉक्टरला दिसतो, चष्मा लावला तर मलाही दिसतो. चेहरा बघायला बंदी नाही, तर आकडा बघायला का असावी? डाव खरा. बाई हरल्या."

सिस्टर दारातच होत्या. "मग दुपारी कोण?"

बाईंनी मोकळा हात वर केला. "मी."

सिस्टरनी लिहिलं. ड्रायव्हरने अंगठ्याने मोबाइलवर काहीतरी टाइप केलं, सावकाश, पुसून पुन्हा टाइप केलं. काकांना शेजारून वाचता आलं असतं, पण ते परत डोळे मिटून बसले होते. कोणाला तरी सोमवारपासून व्हॅन आहे तशीच राहील, असं कळलं असावं.

अकरा वाजता सुया निघाल्या. सुया काढल्यावर त्या जागेवर कापूस ठेवून दुसऱ्या हाताने दहा मिनिटं दाबून धरावा लागतो. तेव्हा माणसाकडे एकही हात उरत नाही. बाई तशा बसल्या होत्या, एका हाताने दुसरा धरून, आणि त्यांचं तोंड चालू होतं.

"तिसऱ्या फेरीत मी लाट सोडायलाच नको होती. सांबर परत येणार हे उघड होतं. मी तुमच्या जागी असते तर—"

ड्रायव्हरचा कापूस चिकटपट्टीने बांधून झाला होता. तो उभा होता, व्हॅनची किल्ली हातात, जायचं सोडून.

"बाई, मला काही म्हणायचंय."

"मग म्हणा. पण आधी हे सांगा, मी गारा निवडल्या आणि तुम्ही घोडा काढलात, तेव्हा आकडा नेमका किती होता?"

"एकशे बासष्ट."

"बासष्ट!" बाईंनी जीभ चावली. "म्हणजे फारच. आणि मुरताना?"

"एकशे चोवीस. बाई, मी म्हणत होतो की—"

"तुम्हाला उशीर होतोय."

"होतोय," तो म्हणाला. "पण दुपारची शिफ्ट—"

"पोरं शाळेच्या वेळेवर पोचतात, ती तुमच्या म्हणण्यासाठी थांबत नाहीत. निघा."

तो निघाला. दारापाशी जाऊन परत वळला, काकांकडे बघून म्हणाला, "काका, तुमच्या नातीला सांगा, मूळ धरायचा डाव एक नंबर होता. अगदी बाईंसारखं शिकवते." आणि लिफ्टच्या दिशेने गेला.

बाईंनी काकांकडे बघितलं.

"हे त्याला कधी कळलं?"

"मंगळवारीच," काका म्हणाले. "मी सांगितलं नाही. त्याने मला विचारलं, तुमची नात गारा म्हणजे काय ते समजावताना बाईंसारखं 'लक्ष कुठे आहे?' असं म्हणते का? मी म्हटलं, म्हणते."

"तरी तो खेळला?"

"पहिल्या डावात नाही खेळला. दुसऱ्यात खेळला. दुसऱ्यात तुम्हीही खेळलात." काकांनी आपला कापूस जरा घट्ट दाबला. "हरायचं होतं ना तुम्हाला?"

"होतं की."

"मग तोंड का पडलंय?"

बाई खिडकीकडे बघत बसल्या. खाली रस्त्यावर एक पिवळी व्हॅन पार्किंगमधून मागे येत होती, कुणाला न धडकता, अगदी बेताने. ती वळली आणि दिसेनाशी झाली. बाईंच्या मनात काहीतरी हलकं झालं, आणि त्याच्या शेजारीच काहीतरी टोचत राहिलं. दोन्ही खरं होतं आणि कुठलंही वजा होत नव्हतं.

"गाराच," त्या शेवटी म्हणाल्या. "शेवटच्या फेरीला मुरण्याऐवजी गाराच टाकायला हव्या होत्या. सांबर तिथेच होतं."

"टाकल्या असत्या तर हात आवळला असता," काका म्हणाले, "आकडा चढला असता, आणि त्याने घोडा काढला असता."

बाईंनी कापसाखालच्या हाताची बोटं हळूच आवळली, हळूच सोडली. पुन्हा आवळली. पुन्हा सोडली.

"बाई, काय चाललंय?" सिस्टर धावत आल्या. "हात आवळू नका, रक्त येईल!"

"आवळत नाही हो," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा परीक्षेच्या हॉलमधला. "सोडायची सवय करतेय. गारा मनात धरून हात सैल सोडायचा. अवघड आहे, पण परत सकाळी येईपर्यंत जमेल."